वर्म : कवच आणि घावाची जागा

गेल्या चातुर्मासात आमच्या आश्रमात आचार प्रकरणाचे निरूपण चालले असता अहिंसेचा विषय निघाला. जीवमात्रास दुखवू नये, पायाखालच्या तृणासही जपावे, शब्दानेदेखील कोणास घाव घालू नये, हे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे निरूपण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. नेहमीप्रमाणे त्याचा विस्तार करून आम्ही पोथी बांधीत होतो. इतक्यात मागे भिंतीस टेकून बसलेले उमरग्याकडील एक वयोवृद्ध वासनिक हात जोडून म्हणाले, "बाबा, एक विचारू का? माझ्या बापानं तीन हात रुंदीची भिंत घातली, ती लेकराबाळांना राखायला. तीच लेकरांवर पडली. कुणी कुणाला मारलं नाही. मग ही हिंसा कुणाची म्हणायची?"

सभा स्तब्ध झाली. या गृहस्थांची पत्नी व दोन मुले किल्लारीच्या भूकंपात गेली, हे तेथील बहुतेकांस ठाऊक होते. ते स्वतः त्या रात्री शेतात होते, म्हणून वाचले. शेजारच्या एका सद्भक्ताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "प्रारब्ध, दुसरं काय" असे म्हटले. आम्हीही जीवाच्या कर्मभोगासंबंधी दोन शब्द बोललो आणि सभा विसर्जित केली. परंतु ते उत्तर आमचे आम्हालाच पुरले नाही. विचारणाऱ्याने 'हे माझ्याच वाट्याला का आले' असे विचारले नव्हते. त्यांनी विचारले होते की, जे राखावयास उभे केले तेच मारावयास कसे कारण झाले, आणि त्याचा दोष कोणाच्या पदरी पडतो. हा प्रश्न निराळा आहे. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे सुचले ते येथे मांडीत आहे. जाणत्यांनी न्यून ते पूर्ण करून घ्यावे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मनुष्यास, वस्तूस किंवा एखाद्या व्यवस्थेस अपाय होऊ शकतो, म्हणजे तिच्यात घाव बसण्याजोगी जागा असते. या जागेस मराठीत 'वर्म' म्हणतात. वर्मी घाव बसला, वर्मावर बोट ठेवले, असे आपण रोज म्हणतो. आता गंमत अशी की, संस्कृतात 'वर्म' म्हणजे कवच. आवरण घालणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला असून क्षत्रियांच्या नावापुढील 'वर्मा' तो हाच. घावाच्या जागेस संस्कृतात 'मर्म' म्हणतात. मराठीच्या तोंडी मर्म व वर्म यांची बहुधा मिसळ झाली आणि अंगरक्षणाचे जे नाव तेच दुखऱ्या जागेचे नाव होऊन बसले. व्याकरणकार यास अपभ्रंश म्हणून सोडून देतील. आम्हास मात्र त्या वृद्धांच्या प्रश्नानंतर असे वाटू लागले की, लोकांच्या जिभेने येथे चूक केली नसून काही पाहून ठेवले आहे.

मर्माचा विचार आयुर्वेदात फार सूक्ष्म आहे. सुश्रुताने शारीरस्थानात देहातील १०७ मर्मे सांगितली आहेत. मांस, सिरा, स्नायू, अस्थी आणि संधी ही जेथे एकत्र येतात ती जागा मर्म, व तेथे विशेषेकरून प्राण वसतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे मर्म ही देहातील निकृष्ट जागा नव्हे. जेथे जीवन दाटून आले आहे, जेथे अनेक गोष्टींची गाठ पडली आहे, तीच जागा घावास सुलभ. नख आणि केस कापले तर वेदना नाही, कारण तेथे प्राणच नाही. यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 'मला कोठेच घाव लागू नये' असे जो म्हणतो तो नकळत नख होऊ पाहतो.

याच मर्मांचे सुश्रुताने घावाच्या परिणामावरून पाच वर्ग केले. तत्काळ प्राण घेणारी, काही काळाने प्राण घेणारी, व्यंग आणणारी, पीडा देणारी, आणि पाचवा एक चमत्कारिक वर्ग 'विशल्यघ्न' मर्मांचा. अशी मर्मे तीनच आहेत. तेथे बाण रुतला असता तो रुतलेला असेपर्यंत मनुष्य जगतो. उपटून काढला की मरतो. हा वर्ग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता त्या भिंतीकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. भूकंपाची तीव्रता ६ पूर्णांक काही दशांश, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांशी तुलना करता मध्यमच. तरीही सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. एवढ्या तीव्रतेचा धक्का बसून जेथे फारशी हानी झाली नाही असे देश पृथ्वीवर आहेत. म्हणून भूमी हलली हे मृत्यूचे अर्धेच कारण झाले. दुसरे अर्धे घरात होते.

ते घर आम्ही पाहिले आहे. विद्यार्थिदशेत गुरुजनांसमवेत त्या भागात अटन केलेले असल्याने त्याच माळवदांखाली आम्ही रात्री काढल्या आहेत. बाहेर वैशाखाचा वणवा असला तरी आत गारवा असे. दोन ते तीन हात रुंद दगडी भिंत, सांध्यांत चुना नव्हे तर माती, लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती चढवावयाची, ही दरसालची रीत. आजोबाने चढविलेल्या मातीवर बापाने, बापाच्या मातीवर मुलाने. प्रत्येकाने घर गळू नये, ऊन लागू नये, म्हणूनच ती चढविली. भिंत रुंद केली ती चोर-दरोडेखोर फोडू शकू नयेत म्हणून. खिडक्या लहान व थोड्या ठेविल्या त्याही याच भयाने. एकही काम आळसाचे नाही की अधर्माचे नाही. सगळी कवचेच.

मग वर्म कोठे होते? दगडात नव्हते. तो काळा दगड शतकानुशतके टिकणारा. वर्म दगडादगडांमध्ये होते. अशी रुंद भिंत म्हणजे वस्तुतः दोन भिंती असतात, एक बाहेरच्या अंगाची आणि एक आतल्या अंगाची. मधली पोकळी बारीक दगडगोटे व माती टाकून भरलेली. दोन्ही अंगांस एकमेकांशी बांधणारा लांब आरपार दगड त्यात घातलेला नव्हता. वरून येणारा भार अशी भिंत वर्षानुवर्षे निमूट सोसते. आडवा हेलकावा बसला की दोन्ही अंगे एकमेकांपासून फुगून सुटतात, एक बाहेर ढासळते, एक आत, आणि पिढ्यान्‌पिढ्या चढविलेली माती तिच्यामागून खाली येते. काही घरांत भिंती पडल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, आणि गावाबाहेर गवताच्या छपरात राहणारे पुष्कळ गरीब वाचले. ज्यांच्यापाशी कवच घ्यावयास पैसा नव्हता त्यांच्यावर कवच पडले नाही. यावरून दारिद्र्य चांगले असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच छपरांना एरवी आग, पाऊस आणि साप यांचे भय असते.

आणखी एक कवच त्या प्रदेशावर होते, ते डोळ्यांना दिसत नव्हते. दख्खनचे पठार स्थिर, तेथे भूकंपाचे भय नाही, अशी समजूत होती; देशाच्या भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत निर्भय मानलेल्या पहिल्या विभागात होता. वास्तविक १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीत वारंवार हादरे जाणवले होते. मग ते थांबले, आणि थांबले म्हणून मन निश्चिंत झाले. पुढे २००२ मध्ये तो नकाशा सुधारताना पहिला विभागच काढून टाकण्यात आला व किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घातला गेला. निर्भय म्हणून शिक्का मारलेली जागा हीच पाहण्यातून सुटलेली जागा ठरली. जेथे भय आहे असे ठाऊक होते तेथे निदान कोणी भिंत कशी बांधावी याचा विचार तरी केला होता.

येथे आपल्या शास्त्राच्या अंगाने एक शंका उपस्थित होते. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ आपण मानतो. त्यांपैकी कार्यरूप प्रपंच अनित्य आहे. जे पंचभूतांच्या मेळाने घडले ते केव्हा तरी विघडणारच. भिंत प्रपंच, देहही प्रपंच. जीवाने केलेल्या कर्माचे फळ देवता भोगवितात. असे असता दोष कोणाचा हा प्रश्नच कोठे उरतो? भिंत निमित्त, भूकंप निमित्त.

याचे समाधान असे की, भोगणाऱ्याच्या बाजूने केलेला विचार आणि निमित्त होणाऱ्याच्या बाजूने केलेला विचार हे दोन वेगळे आहेत, आणि त्यांची सरमिसळ केली की शास्त्राचे नाव घेऊन निर्दयता शिरते. मारला गेलेला पशू आपल्या कर्माचे फळ भोगतो असे मानले, म्हणून खाटकाची हिंसा पुसली जात नाही. ती त्याच्या खाती नव्याने जमा होतेच. अन्यथा अहिंसेचा आचार सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. म्हणून 'प्रारब्ध' हा शब्द ज्याचा त्याने स्वतःविषयी उच्चारावा. दुसऱ्याच्या दुःखाजवळ उभे राहून तो उच्चारणे म्हणजे बहुधा आपल्या अंगावरचे उत्तरदायित्व झटकणे होय. त्या सभेत आम्ही तेच केले, हे येथे कबूल करतो.

मग त्या पित्याचा दोष होता काय? आमच्या अल्प मतीप्रमाणे नव्हता. जे भय त्याला ठाऊक होते त्यासाठी त्याने प्रामाणिकपणे भिंत घातली. ठाऊक नसलेल्या भयाचा हिशेब त्याच्याकडून मागता येत नाही. मात्र त्या परिसरात गवंड्यांच्या किती पिढ्या होऊन गेल्या, आणि त्यांतील कोणास आरपार दगडाचा उपयोग ठाऊक होता की नव्हता, तो घालण्याची रीत कधी होती व केव्हा सुटली, हे प्रश्न राहतात. ते एका माणसाचे नसून ज्ञान कोणाकडे साठते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही याचे आहेत. भूमीचे शास्त्र जाणणारे नगरात होते, भिंत घालणारा खेड्यात होता. त्या दोघांमध्येही आरपार दगड नव्हता.

हे लिहीत असता मनात आले की, दुसऱ्याच्या घराची भिंत तपासणे सोपे आहे. आपल्या पंथाच्या घराकडेही पाहिले पाहिजे.

आचार्य श्रीनागदेवांची, भटोबासांची, एक गोष्ट आपणां सर्वांस प्रिय आहे. पंडित केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, असे त्यांनी सांगितले. कारण तसे झाल्यास त्यांच्या आश्रयास असलेल्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकल्या असत्या. विद्वानांचा मान, दूरदेशीची कीर्ती यांचा विचार न करता सर्वांत दुबळ्या श्रोत्याचा विचार त्यांनी पहिल्याने केला. संस्कृत हेही त्या काळी एक भक्कम कवचच होते. मराठी उघडी होती, तिची थट्टा होऊ शकत होती. आचार्यांनी उघडे राहणे पत्करले.

त्याचे फळ लवकरच दिसले. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी सर्वज्ञांस पाहिले होते त्यांच्याकडे स्वतः जाऊन, विचारून, पडताळून लीळा मिळविल्या व लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर आलेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, आपली परंपरा जिला खालशाची धाड म्हणते तीत, मूळ प्रत नाहीशी झाली. एवढा आटापिटा करून मिळविलेले धन एका ठिकाणी होते, आणि ते एक ठिकाण गेले. तरी लीळा गेल्या नाहीत. त्या पुष्कळांच्या मुखी होत्या. ज्यांनी स्मरणातून त्या पुन्हा उभ्या केल्या त्यांत हिराइसांचे नाव आदराने घेतले जाते आणि त्यांचा पाठ त्यांच्या नावाने ओळखला जातो. मुखोद्गत लीळांचे पाठ एकमेकांशी अक्षरशः जुळत नाहीत, याचे संशोधकांस दुःख होते; आम्हासही होते. परंतु पाठभेद हे येथे वाचलेल्या घराच्या अंगावरील ओरखडे आहेत. घर उभे आहे. आणि स्त्रियांच्या स्मरणात ते उभे राहू शकले याचे कारण ते त्यांच्या भाषेत होते.

यानंतर आपण काय केले? चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी सकळ लिपी योजली असे मानतात. तिच्यामागून सुंदरी आदी अनेक लिप्या आल्या. नागरी अक्षरांची अदलाबदल करून रचलेली ही सांकेतिक लेखनपद्धती जाणत्यासच वाचता यावी, शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडून त्याची विटंबना होऊ नये, हा तिचा हेतू. धाड नुकतीच पाहिलेल्या पिढ्यांनी कवच घातले, त्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हास नाही. लिपी आश्रमातील भिक्षूंप्रमाणे तपस्विनींनाही शिकविली जात असे. म्हणजे आचार्यांच्या वृद्धांस ती बंद नव्हती. बंद होती ती जगास.

कवच उत्तम निघाले. पाचशेहून अधिक वर्षे ते कोणासही भेदता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी विद्वत्समाजास ते वाङ्मय वाचता येऊ लागले, तोवर आद्य मराठी गद्याचे हे भांडार मराठी माणसास ठाऊकच नव्हते. परंतु मधल्या शतकांत काय झाले? आपल्या ग्रंथांत काय आहे हे बाहेर कोणास कळत नव्हते, म्हणून काय असावे याच्या कल्पना रचल्या गेल्या. काळी वस्त्रे का, पोथ्या गुप्त का, देवळात का जात नाहीत, प्रत्येकाचे वाईट उत्तर तयार झाले. आपणावर झालेल्या आरोपांचे खंडन करणारा पुरावा आपल्याच पेटीत होता आणि आपल्याच लिपीत होता. आपल्या नावावरून मराठीत 'मानभावी' हा शब्द झाला, त्याचा अर्थ वरवर नम्रता दाखविणारा. तो शब्द आजही चांगले सुशिक्षित लोक सहज वापरतात, त्यांच्या मनात आपल्याविषयी काहीही वैर नसता. आम्ही पाठशाळेत असताना एका व्याख्यानात तो ऐकला, तेव्हा वक्त्यास आपण कोणासमोर बोलतो आहो याची जाणीवही नव्हती. व्याख्यानानंतर त्यांनी आम्हास नमस्कार केला. वर्मी घाव नेहमी शत्रूच घालतो असे नाही.

आता आमच्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगण्यात लज्जा वाटते, पण वरील सर्व लिहून ती लपविणे अधिक लज्जास्पद होईल. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचे अध्यापक छायाचित्रणाचे साहित्य घेऊन आमच्याकडे आले होते. आमच्या गुरूंकडून आलेल्या अकरा हस्तलिखितांच्या प्रतिमा घेऊन मूळ पोथ्या तेथल्या तेथे परत करावयाच्या, एवढीच त्यांची विनंती. आम्ही नाही म्हटले. गुरूंनी 'जपून ठेव' असे सांगितले होते, आणि जपणे म्हणजे न दाखविणे असा अर्थ आम्ही लावला. पोथ्या पत्र्याच्या पेटीत होत्या, किल्ली आमच्या कमरेला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही चातुर्मासासाठी दुसऱ्या स्थानी होतो. भिंतीस ओल आली, पेटीचा तळ गंजला, आणि परत येऊन उघडले तेव्हा खालच्या चार पोथ्यांची एक वीट झाली होती. पाने सोडविण्याचा प्रयत्न केला तेव्हा एका पानाची शाई समोरच्या पानावर उमटलेली दिसली. आधीच सांकेतिक, त्यात उलटी. त्यांतील तिघींच्या प्रती अन्यत्र आहेत. चौथे एक लहान भाष्य होते. त्याची दुसरी प्रत आमच्या पाहण्यात नाही. गुरूंच्या तोंडून त्याचा पाठ ऐकलेले दोघे होते. एक निवर्तले, दुसरा मी, आणि मला अर्धे आठवत नाही.

चोर आला नव्हता. धाड आली नव्हती. कुलूप शेवटपर्यंत शाबूत होते.

यावरून कोणी असे म्हणेल की, सर्व पेट्या आजच उघडाव्यात, सर्व मर्यादा मोडाव्यात. येथे ते विशल्यघ्न मर्म आठवावे. रुतलेले शल्य ओढून काढणे हाच नेहमी उपचार नसतो. किल्लारीच्या आपत्तीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, हे खरे. पण ज्या गावांत घरे उभीच राहिली होती तेथील लक्षावधी दगडी घरे पाडणे शक्य नव्हते, इष्टही नव्हते. माणसे राहावयाची कोठे? म्हणून उभ्या भिंतीतच उपाय केला गेला. भिंतीस आरपार भोक पाडून त्यात सळई ठेवून काँक्रीट भरावयाचे, भिंतींना भोवताली आडवा पट्टा बांधावयाचा, माळवदावरची माती उतरवून भार कमी करावयाचा. भिंत तीच, घर तेच, गारवा तोच. फक्त दोन अंगे एकमेकांस धरून राहतील अशी व्यवस्था. आपल्या लिपीच्या बाबतीतही लिपी टाकून देणे हा उपाय नव्हे. ती वाचणारे भिक्षू आज किती उरले आहेत, याची मोजणी प्रत्येक आश्रमाने स्वतःशी करावी. जेथे एकच जाणता उरला आहे तेथे तोच भार धरणारा एकटा खांब झाला आहे. त्या आश्रमात लिपी शिकविणे हे आता विद्येचे काम राहिले नसून रक्षणाचे काम झाले आहे. वासनिकांनाही ती का शिकवू नये, याविषयी ज्येष्ठांनी विचार करावा असे नम्रपणे सुचवितो. यावर मतभेद होतील, आणि ते या अंकाच्या पानांवर प्रकट झाले तर बरेच होईल.

आणखी एक शंका भिक्षूंच्या बाजूने येते, तीही घेतो. सर्वज्ञांनी भिक्षूस कवच घेऊ दिले नाही. ओळखीचा देश नको, ठरलेला आश्रय नको, उद्याचे अन्न साठवावयाचे नाही, मिळेल ती भिक्षा आणि झाडाखालची जागा. म्हणजे घाव लागण्याजोगे उघडे राहणे हीच आपली साधना. मग दुबळेपणाचे निवारण कशासाठी करावयाचे? ते तर इष्ट म्हणून सांगितले आहे.

याचे उत्तर एका शब्दात आहे, 'अनुसरण'. भिक्षू उघडा राहतो ते त्याने स्वतः अनुसरून, जाणून, पत्करलेले असते. माळवदाखाली निजलेल्या मुलाने काही पत्करलेले नव्हते. स्वतःने स्वीकारलेल्या उघडेपणाचा महिमा दुसऱ्यावर लादलेल्या उघडेपणास चिकटविणे हा फार मोठा अपराध आहे, आणि विरक्तांच्या हातून तो सहज घडतो, कारण त्यांस उघडेपणाचे भय उरलेले नसते. पोथीच्या बाबतीत माझे तेच झाले. स्वतःस काही नको या भावनेत मी इतका निश्चिंत होतो की, पोथीस काही हवे असेल, कोरडी हवा, दुसरी प्रत, दुसरा वाचणारा, हे सुचलेच नाही.

या संदर्भात सशाची लीळा पुन्हा वाचावी. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या गुडघ्याखाली दडला. मागाहून पारधी आले व ससा मागू लागले. जो आश्रयास आला त्यास देता येत नाही, असे सर्वज्ञांनी त्यांस सांगितले, आणि अखेर ते वळले. ही लीळा आपण दयेची म्हणून सांगतो. आमचे लक्ष अलीकडे तिच्यातील जागेकडे जाते. सर्वज्ञांपाशी शस्त्र नव्हते, कुंपण नव्हते, दार नव्हते. सशास मिळालेले कवच म्हणजे उघड्यावर बसलेल्या, स्वतः निःशस्त्र अशा श्रीमूर्तीचा गुडघा. पारधी तेथपर्यंत येऊ शकत होते, बोलू शकत होते, आणि म्हणूनच त्यांचे मन वळू शकले. ससा एखाद्या खोल बिळात शिरला असता तर कदाचित वाचला असता. पारधी पारधीच राहिले असते. बीळ खणून काढण्याची विद्याही त्यांच्यापाशी असतेच.

हे सर्व लिहून होत आले असता ते वृद्ध वासनिक पुन्हा दर्शनास आले. दंडवत झाल्यावर आम्ही आपण होऊन मागचा विषय काढला. म्हटले, "त्या दिवशी मी तुम्हाला नीट उत्तर दिले नाही. तुमच्या वडिलांची चूक नव्हती. भिंतीच्या दोन अंगांना बांधणारा दगड नव्हता, आणि तो घालावा हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते." त्यांनी ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "त्या दगडाला खर्च किती आला असता, बाबा?"

आम्हास ते ठाऊक नव्हते. आश्रमाच्या ओट्याचे काम करण्यास आलेला गवंडी जवळच पाणी पीत बसला होता, तो म्हणाला, "खर्च कशाचा, आजोबा? दगड तेच. लांब लांब बघून वेगळे काढायचे आणि आडवे घालायचे. तीन हाताच्या भिंतीला एक पुरत नाही. दोन दगड आत एकमेकाला बगल देऊन बसवायचे."

"केवढा लांब?" वृद्धांनी विचारले.

गवंड्याने तांब्या खाली ठेवून दोन्ही हात पसरून लांबी दाखविली. ते उठून त्याच्यापाशी गेले आणि आपली वीत लावून त्याच्या एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत मोजू लागले.